पलीकडचं कुलूप

बाईंनी कुलूप मिठाच्या पाण्यातून बाहेर काढलं, फडक्याने टिपलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. चार दिवस बुडवून ठेवल्यावर त्याच्यावर चांगला तांबूस गंज चढला होता. चावीच्या भोकात त्यांनी काडीने मीठ कोंबलं होतं, तिथलंही काम झालेलं दिसत होतं. टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदावर दुसरं कुलूप पडलं होतं. तेही याच मापाचं, याच घडणीचं, पोटावर तोच आकडा ठोकलेला. फक्त ते खरं होतं, आणि त्याच्या लोखंडी कमानीचा एक पाय कापलेला होता.

बाईंनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून नीट पाहिली. खऱ्या कुलपाच्या तळाशी एक बारीक खाच होती. अंधारात नुसत्या बोटाला कुलूप ओळखू यावं म्हणून कुणीतरी पाडलेली. बाईंनी पर्समधून नखं घासायची कानस काढली आणि नव्या कुलपाच्या तळाशी तशीच खाच पाडायला घेतली.

“अगं, चार दिवस बादलीत काय मुरत घातलं होतंस?” नवरा दारात येऊन उभा राहिला. “मला हात लावू देत नव्हतीस.”

“ऑफिसचं काम आहे.”

“ऑफिसचं काम बादलीत! आता बढती झाली की टाकी देतील तुला.”

स्वतःच्याच विनोदाला तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. भिंतीला हात टेकून तो खाली वाकला. बाईंचा कानस धरलेला हात थांबला. मान वर न करता त्या मनात मोजू लागल्या. एक, दोन, तीन. अकराला त्याचा श्वास परत आला. मग कानस पुन्हा चालू झाली.

“जुळी दिसतायत की,” टेबलाजवळ येत तो म्हणाला. “एकाचा हात मोडलाय बिचाऱ्याचा.”

बाईंनी तुटकं कुलूप रुमालात गुंडाळलं आणि पर्सच्या तळाशी ठेवलं. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या बादलीकडे पाहिलं, आणि चहा टाकायला निघून गेला.

बाई मैत्री कोठीच्या भांडारपाल होत्या. बावीस वर्षांपूर्वी नदीला मोठा पूर आला होता. अलीकडची माणसं पलीकडे आणि पलीकडची अलीकडे वाहत गेली, आणि ज्याच्या हाती जो लागला त्याने त्याला बाहेर ओढलं. त्यानंतर नदीच्या दोन काठांवरच्या दोन देशांनी करार केला. दोन्ही काठांवर एकेक कोठी बांधायची. तिच्यात औषधं, प्राणवायूच्या टाक्या, श्वासाची यंत्रं ठेवायची. वाईट दिवस आले की दोघांनी मिळून उघडायची आणि अर्धं अर्धं वाटून घ्यायचं. एकट्याला उघडता येऊ नये म्हणून प्रत्येक दाराला दोन कुलपं. वरचं घरच्याचं, खालचं पलीकडच्याचं. म्हणजे बाईंच्या कोठीला खालचं कुलूप पलीकडच्या भांडारपालाचं, आणि पलीकडच्या कोठीला खालचं कुलूप बाईंचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघं भेटायचे. आधी पलीकडची कोठी उघडायची, मग पूल ओलांडून अलीकडची.

पलीकडच्या भांडारपालाला दोन्ही काठांवर तेलकाका म्हणत. त्यांच्या कोटाच्या खिशात लांब चोचीचा तेलाचा छोटा डबा कायम असे. पाहुण्याच्या कुलपाला यजमानाने तेल घालायचं, हा नियम त्यांनीच केलेला. करारात तो कुठेच नव्हता.

“स्वतःच्या कुलपाची काळजी कुणीही घेतो, बाई,” ते म्हणत. “दुसऱ्याचं आपल्या दारावर लटकतंय, त्याला बघायचं. नाहीतर ते रुसतं.”

बाई हसून त्यांच्या कुलपाला तेल घालत. अठरा वर्षं घालत होत्या.

मग तो आजार आला आणि पूल बंद झाला. आज दोन वर्षांनी तो पुन्हा उघडणार होता.

साहेबांची गाडी साडेनऊला दारात आली. बाई मागच्या सीटवर बसल्या. मांडीवर पर्स, आणि पिशवीत गंजलेलं कुलूप. वाटेत कोठीपाशी थांबून त्यांनी ते दाराच्या खालच्या कोयंड्यात अडकवलं आणि दाबलं. गंजामुळे ते जरा अडखळत बंद झालं. साहेबांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

“वा! माझ्या बापालासुद्धा ओळखू येणार नाही.” त्यांनी रुमालाने बोटं पुसली. “आता पुन्हा एकदा सांगा, काय म्हणायचं?”

“दोन वर्षं कुणी हात लावला नाही. चावी अडकली. गंजलं असेल.”

“बास. अडकली की जास्त जोर लावू द्यायचा नाही. मी बाहेरच असेन, लगेच म्हणणार, नवीन कुलूप मागवू, पुढच्या खेपेला बघू. तीन महिन्यांत आतला माल भरून होतोय. आत्ता रिकामी खोकी आहेत ती कशाला दाखवायची?” ते गाडीत बसले. “झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि हे बघा बाई, त्यांनीही तिकडे आपलं तोडलंच असणार. अशा वेळी कोण करार बघत बसतं? तेही आज असंच काहीतरी सांगतील. तुम्ही मान डोलवा, ते मान डोलवतील. दोस्ती म्हणतात ती हीच.”

बाईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. गेले कित्येक महिने त्या मनात हेच धरून होत्या. पलीकडेही तोडलं असेल. बोटाएवढा निळा ठिपका लावलेलं त्यांचं कुलूप पलीकडच्या कुठल्यातरी भंगारात पडलं असेल. कधी कधी पहाटे जाग आली की त्या डोळे मिटून ते कापलेलं कुलूप बघण्याचा प्रयत्न करत. ते दिसलं की बरं वाटे.

“जुनं टाकलं का?” साहेबांनी विचारलं.

“आज टाकते. पुलावरून.”

“मधल्या कमानीपाशी टाका. तिथे खोल आहे.”

पुलाच्या अलीकडच्या तोंडाला मांडव घातला होता. बँड होता, दोन्ही झेंडे होते, आणि मोठ्या फलकावर कराराचं चिन्ह होतं. एकमेकांत गुंफलेले दोन हात. पूल उघडल्याबद्दल मोठ्या लोकांची भाषणं व्हायची होती. साहेब तिकडे वळले. कोठ्यांची पाहणी फक्त दोन भांडारपालांनी करायची, हा मात्र करारातलाच नियम होता. बाई एकट्या पुलावर चालू लागल्या.

मधल्या कमानीपाशी त्या थांबल्या. कठड्याला टेकल्या. पर्स उघडली. खाली पाणी गढूळ आणि संथ होतं. तेवढ्यात पलीकडून शाळेच्या मुलांची एक रांग हातात कागदी झेंडे घेऊन आली. त्यांच्या शिक्षिकेने “सावकाश, कठड्याला कुणी लोंबकळायचं नाही,” म्हणत रांग नेमकी तिथेच उभी केली. एका लहान मुलीने बाईंच्या उघड्या पर्सकडे उत्सुकतेने पाहिलं. बाईंनी पर्स मिटली आणि पुढे निघाल्या. येताना टाकू.

पलीकडच्या टोकाला एक तिशीची बाई उभी होती. अंगावर पुरुषी मापाचा कोट, बाह्या दुमडलेल्या. खिसा एका बाजूला ओघळलेला. तो खिसा बाईंनी लगेच ओळखला.

“मी त्यांची मुलगी,” ती म्हणाली. “आता कोठी माझ्याकडे आहे. बाबा तुम्हाला बाई म्हणायचे. मी मावशी म्हटलं तर चालेल?”

“म्हण की.”

“पत्र मिळालं ना तुम्हाला? बाबांचं?”

“मिळालं,” बाई म्हणाल्या. सरकारी पत्र होतं. नव्या भांडारपालाच्या नेमणुकीचं. त्यातल्या दुसऱ्या ओळीत ‘पूर्वीचे भांडारपाल निधन पावल्यामुळे’ एवढंच होतं. “मला यायला जमलं नाही. पूल...”

“कुणालाच कुठे जमत होतं, मावशी. आम्हाला तरी हॉस्पिटलच्या आत कुठे सोडत होते?”

दोघी उतारावरून चालू लागल्या. रस्ता तोच होता. टपाल कचेरी, शिंप्याचं दुकान. दुकानाला फळी लावलेली होती आणि फळीवर धूळ होती. त्यापुढच्या तीन घरांच्या दारांवर खडूने काढलेल्या फुल्या अजून पुसट दिसत होत्या. मुलगी त्यांच्याकडे न बघता चालत होती, जशी माणसं रोजच्या वाटेवरच्या खड्ड्याकडे न बघता चालतात.

“तुमच्याकडे फार गेले का?” तिने विचारलं.

“गेले. पण सुरुवातीलाच आटोक्यात आलं.”

“हो, रेडिओवर ऐकायचो आम्ही. बाबा म्हणायचे, बघा, शिस्त असली की असं होतं.” ती किंचित हसली. “आम्हाला तुमचं उदाहरण द्यायचे. आईला राग यायचा. म्हणायची, जा मग पलीकडेच राहायला, त्या बाईंच्या शेजारी.”

बाईंनी पर्सचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

एक वळण उरलं होतं. वळणानंतर कोठीचं दार दिसे. बाईंच्या पायांची गती आपोआप मंदावली. आता दिसेल. खालच्या कोयंड्यात एखादं भलतंच कुलूप असेल, किंवा त्यांच्यासारखंच मिठात भिजवलेलं. ती मुलगी जरा गडबडेल, काहीतरी सांगेल. आणि आपण मान डोलवू. किती वेळ लागतो मान डोलवायला?

वळण संपलं. हिरवं दार, वर एक कुलूप, खाली एक कुलूप. खालच्यावर नखाला लावायच्या रंगाचा निळा ठिपका होता. वीस वर्षांपूर्वी बाईंनी स्वतः लावलेला, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा गिरवलेला. कुलूप काळंभोर चमकत होतं.

“लावा चावी,” मुलगी म्हणाली.

बाईंनी गळ्यातल्या दोरीची चावी काढली. ती भोकात शिरली. फिरवायला लागलीच नाही म्हणा. बोटांना कळायच्या आत कुलूप उघडलं.

“बाबा दर सोमवारी तेल घालायचे,” मुलगी आपलं वरचं कुलूप काढत म्हणाली. “पूल बंद होता तरी. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, बाई कधीही येईल. धावत आली असेल बिचारी, परवानगी काढून. दारात आल्यावर कुलपाशी झटत बसायला नको. ते गेल्यावर मी घालत राहिले.”

तिने दार ढकललं.

आतून गार, बंद हवा बाहेर आली. बाई उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. भिंतीच्या कडेने प्राणवायूच्या टाक्या ओळीत उभ्या होत्या, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारख्या, खांद्याला खांदा लावून. त्यांच्यापुढे खोक्यांची थप्पी. प्रत्येक खोक्यावर गुंफलेले दोन हात. कोपऱ्यात प्लास्टिकच्या आवरणाखाली श्वासाची यंत्रं. आवरणावर धुळीचा सारखा थर होता, कुठेही बोट उमटलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी बाई शेवटची पाहणी करताना एका खोक्यावर आपली पेन्सिल विसरल्या होत्या. ती तिथेच होती.

“सगळं आहे,” मुलगी म्हणाली. “औषधांची मुदत मात्र संपली.”

बाईंनी खोक्याला हात लावला. घरी नवरा हॉस्पिटलमधून परत आल्यावर एकदा म्हणाला होता, त्या यंत्रावर दोन हातांचं चित्र होतं बघ. पंधरा दिवस मी तेवढंच बघत होतो. कोणाचा हात कोणता ते शोधत होतो.

“कुणी मागायला आलं नाही?” त्यांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

“आले ना. डॉक्टर येऊन पायरीवर बसायचे. एकदा तर वीस-पंचवीस माणसं आली, हातोडा घेऊन. बाबा दाराला पाठ लावून उभे राहिले.” मुलगी टाक्यांच्या ओळीतून चालत होती, एकेकीवर हात ठेवत. “वरूनही पत्र आलं होतं. तिकडून चावी यायची वाट बघा, करार आपल्याकडून मोडायचा नाही. आपण लहान, ते मोठे. वीज त्यांची, धान्य त्यांचं. आपण आधी मोडलं तर उद्या कोणत्या तोंडाने मागणार? पण पत्राच्या शेवटी एक होतं. पलीकडच्या कुलपाची काय स्थिती आहे ते कळवा. त्यांनी मोडलं असेल तर आपण मोकळे.”

ती बाईंना दारासमोरच्या कचेरीत घेऊन आली; तिला मात्र दोन कुलपं नव्हती. टेबलावर काळा फोन होता, दोन कोठ्यांना जोडणारा. त्याला आकडेच नव्हते, उचलला की पलीकडे वाजायचा. शेजारी नोंदवही. तिने पान उघडून बाईंकडे फिरवलं.

तेलकाकांचं अक्षर. गोल, सावकाश, शाळेतल्या मुलाने पुस्तीत काढावं तसं. ‘वीस तारीख, सोमवार. पलीकडे फोन केला. तेथील कुलूप शाबूत आहे. बाईंशी स्वतः बोललो.’

बाईंना तो फोन आठवण्याची गरज नव्हती. तो कधी संपलाच नव्हता.

“बाई, तब्येत?”

“ठीक. तुमची?”

“आमची काय, गंजत नाही तोवर चालायचं. बरं, एकच विचारायचं होतं. तिकडचं कुलूप शाबूत आहे ना?”

त्या वेळी खोलीत कुणी नव्हतं. साहेबांनी तोंडातून ब्र काढायचा नाही असं बजावलं होतं, पण साहेब तिथे नव्हते. खिडकीतून समोर कोठीचं दार दिसत होतं, आणि खालच्या कोयंड्यात काहीच नव्हतं. आपली पुढची दहा पावलं बाईंनी तेव्हा एका क्षणात चालून पाहिली होती. खरं सांगितलं तर पलीकडचे त्यांचा अर्धा वाटा मागतील. लगेच मागतील. बारा तारखेपासून नवरा ज्या यंत्रावर होता ते कोणत्या अर्ध्यात येईल, ते कोण ठरवणार?

“आहे,” त्या म्हणाल्या होत्या.

“मग झालं,” तेलकाका म्हणाले होते. त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं, की जणू त्यांना कुणी पाणी दिलं. “एवढंच हवं होतं. तेल घालताय ना?”

“घालते.”

“मावशी, बसा जरा,” मुलगी म्हणाली. “आतल्या बंद हवेने गरगरतं.”

बाई खुर्चीवर बसल्या. मुलगी टेबलाच्या कडेला टेकली.

“बाबांना झालं तेव्हा डॉक्टर स्वतः म्हणाले, आता तरी तोडू या. हॉस्पिटलात टाक्या संपल्या होत्या, आणि समोर ह्या अशा उभ्या. बाबांना बोलता येत नव्हतं. मान हलवत राहिले. नाही, नाही. मला इतका राग आला होता त्यांचा.” तिने कोटाच्या बाहीची घडी उलगडून पुन्हा घातली. “अजून येतो कधी कधी. मग ह्या पानाकडे बघते. म्हणते, पलीकडच्यांनीही आपलं राखलंच की. तिकडेही माणसं गेली असतील, पण नाही मोडलं. दोघांनी राखलं म्हणजे मग त्याला काहीतरी अर्थ आहे. एकट्याने राखलं असतं तर नुसता वेडेपणा झाला असता.”

बाहेर, पुलाकडून बँडचा आवाज येत होता.

“हा फोन मात्र बिघडलाय,” मुलगी म्हणाली. “बाबा गेल्यावर मी दर सोमवारी लावायचे, अकरा वाजता. वाजायचा. कधी कधी कुणी उचललंय असंही वाटायचं. पण आवाज नाही. नुसता वारा आल्यासारखं.”

बाईंनी फोनकडे पाहिलं नाही. दर सोमवारी अकराला तो वाजे, आणि दर सोमवारी त्या उचलत. पहिल्यांदा ‘हॅलो’ ऐकलं तेव्हा तो बाईमाणसाचा आवाज होता, आणि त्यावरूनच त्यांना कळलं होतं. त्यानंतर त्या नुसत्या ऐकत उभ्या राहत, तिने ठेवेपर्यंत.

“चला,” मुलगी उठली. “आता तुमच्याकडे. बाबांची चावी आणलीय मी.”

तिने दोन्ही कुलपं लावली. निळ्या ठिपक्याच्या कुलपात तेलाचा एक थेंब सोडला, अंगठ्याने पुसला. तेलाचा डबा आणि चावी खिशात टाकली. दोघी चढाने वर निघाल्या.

पुलावर आता वर्दळ वाढली होती. ओळखीची माणसं एकमेकांना शोधत होती. एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याला म्हणत होता, “अरे लेका, तू आहेस होय अजून? मी तुझ्या नावाने दोनदा रडलो!” आणि दुसरा म्हणाला, “मग आता हसून फेड ते.” शाळेची मुलं कागदी झेंडे हलवून दमली होती आणि आता झेंड्यांच्या काड्यांनी एकमेकांना टोचत होती. पुलाच्या अलीकडच्या तोंडाला साहेब उभे दिसत होते. त्यांनी लांबूनच हात वर केला. या, या.

“दोन वर्षांनी अडकेल कदाचित,” मुलगी चालता चालता म्हणाली. “तुम्ही तेल घातलंच असणार म्हणा. तरी अडकलं तर जोर लावायचा नाही, बाबांनी मला शिकवलंय. थेंब सोडायचा, शंभर अंक मोजायचे, मग फिरवायची. कितीही गंजलेलं असू दे, उघडतं.”

तिने खिशातून डबा काढून बाईंपुढे धरला. “तुम्हीच धरा. तुमच्या दारावर यजमान तुम्ही.”

डबा तिच्या हातांनी कोमट झाला होता. बाईंनी तो घेतला. मधली कमान आली होती. बाई थांबल्या. मुलगी दोन पावलं पुढे गेली आणि वळून पाहू लागली.

“काय झालं, मावशी? दम लागला?”

बाईंनी डबा कठड्यावर ठेवला. पर्स उघडली. तळाशी हात घातला. खाली पाणी होतं, खोल आणि गढूळ, आणि समोर साहेब हात हलवत होते. बाईंनी रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली, आणि त्यातलं कुलूप मुलीच्या हातावर ठेवलं.

मुलीने ते उलटंपालटं केलं. तिचं बोट तळाकडे गेलं आणि खाचेवर थांबलं. बराच वेळ ते तिथेच राहिलं. मग तिने कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

“हलू नये म्हणून मीच फडक्याने धरलं होतं,” बाई म्हणाल्या. “त्यांनी मशीन लावलं तेव्हा.”

“कधी?”

“अकरा तारखेला.”

मुलीने वर पाहिलं. बँड थांबला होता. कुणीतरी माइकवर फुंकर मारून तो चालू आहे का ते बघत होतं.

“फोन वीसला झाला,” ती म्हणाली.

“हो.”

“नऊ दिवस.”

“हो.”

तिने खिशातून बाबांची चावी काढली. कुलपात घातली आणि फिरवली. आत टक् असा स्वच्छ आवाज झाला. कमानीचा उरलेला पाय सैल होऊन बाहेर आला. तिने तो आत दाबला आणि चावी उलटी फिरवली. पुन्हा टक्. पण अडकायला दुसरा पाय नव्हताच. कमान तिच्या बोटांखाली घसरून परत वर आली.

तिने ती पुन्हा दाबली. पुन्हा चावी फिरवली. लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी पूल ओलांडत होते. बाई तेलाच्या डब्याशेजारी उभ्या राहून, मान वर न करता, मनात मोजत होत्या, आणि मुलगी ते कुलूप बंद करत होती, पुन्हा पुन्हा.